मास्तरांची मोहर

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसले. इतकी वर्षं तुम्ही असताना त्या पाटावर बसायची माझी टाप नव्हती. "इंदू, तू फुलं काढून दे, पूजा मी करते," हे तुमचं ठरलेलं. आज फुलंही मीच काढली आणि पूजाही मीच केली. बाळकृष्ण पुसला, अन्नपूर्णा पुसली, शंख धुतला. मग तुमची मोहर हातात आली आणि माझं घोडं तिथेच अडलं. हिला हळदकुंकू वाहायचं, की उचलून कपाटात ठेवायची? ही नक्की काय आहे, हेच मला आता कळेनासं झालंय. बरं, विचारावं तर कुणाला? ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच निघून गेलात.

एरवी गोष्ट किती सरळ होती. संस्थान विलीन झालं, मुलींच्या शाळेतली तुमची नोकरी संपली, आणि तुम्ही एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे डोंबिवलीला आलात. ह्यांची ठाण्याच्या कचेरीत नोकरी, म्हणून आम्ही इथे. तुम्ही उतरलात, इकडे तिकडे पाहिलंत. विहीर, घरामागे भाताची खाचरं, दिवेलागणीला कंदील. ह्यांना म्हणालात, "बाळ, हे गाव आहे की नुसतंच स्टेशन?" मी हसले, तर माझ्याकडे बघून म्हणालात, "हसतेस काय? पाणी किती लांबून आणावं लागतं ते सांग." आणि पदर खोचून कळशी उचललीत. तेव्हाच मी ओळखलं, ह्या बाईशी आपलं भांडण होणार आणि जमणारही.

मोहर तुमच्या कनवटीला होती. ती तुम्ही पहिल्याच दिवशी देवात ठेवलीत आणि मला, जणू मी तुमच्या वर्गातली मुलगी, सगळा धडा दिलात. महाराजांच्या गादीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा संस्थानाने टांकसाळीतून खास सोन्याच्या मोहरा पाडून आणल्या. एका अंगाला महाराजांचा चेहरा, दुसऱ्या अंगाला संस्थानची मुद्रा, भोवती अक्षरं. मोजक्याच माणसांना त्या भर दरबारात मिळाल्या, आणि त्यांत एक मामंजींना, म्हणजे तुमच्या वडिलांना. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मुलींची शाळा काढली म्हणून भाऊबंद त्यांच्याकडे जेवायला येईनासे झाले होते, आणि त्याच शाळेसाठी महाराजांनी मोहर दिली. सासूबाईंनी तिला कडी लावून गळ्यात घातली. मामंजी गेल्यावर कडी काढली आणि मोहर देवात आली.

"म्हणजे बघ," तुम्ही म्हणालात, "ही मोहर आहे तोवर कुणी म्हणू शकत नाही की माझ्या वडिलांनी वाईट काम केलं."

पण म्हणणारे होते ना! कल्याणचे नानाकाका, मामंजींचे धाकटे भाऊ. त्यांचं एकच पालुपद. "मोहर कसली घेऊन बसलीस, बनू? दादाने सोनाराकडून पितळेची करवून घेतली असेल." तुम्ही चिडून लाल व्हायचात. मी म्हणायची, "वन्सं, एकदा कसोटीवर लावून टाका ना, काकांचं तोंड बंद होईल." त्यावर तुमचं उत्तर, "देवातल्या वस्तूला कुणी कसोटी लावतं का?" ह्या एका वाक्यावर आपलं किती वाजायचं! मी म्हणायची, खऱ्याला कसली भीती? तुम्ही म्हणायचात, भीतीचा प्रश्न नाही, मानाचा आहे. दोघीही हटत नव्हतो. ते भांडण अजून माझ्या जिभेवर आहे, आणि समोर कुणी नाही.

गंमत म्हणजे, कसोटीच्या काळ्या दगडावर जी घासायची नाही, ती मोहर तुम्ही सहाणेवर खुशाल घासायचात. आमच्या लेकीची पहिली खेप होती. बाळगुटीत वेखंड, हळकुंड, खारीक उगाळून झाली, आणि मी गळ्यातला मणी पुढे केला. तुम्ही माझा हात बाजूला सारलात. "मण्यात तांबं आहे. लेकराच्या पोटात बावनकशी गेलं पाहिजे." आणि मोहर आणून मधात तिचे वेढे दिलेत. मग काय, सगळ्या आळीत बोभाटा. कुणाकडे बाळंतपण झालं की तुमच्याकडे वर्दी. पलीकडच्या आगरी पाड्यावरनं एक धिप्पाड बाई पोरीला घेऊन यायची, ओट्यावर फतकल मारून म्हणायची, "आजी, माझे पोरीला सोना उगाळून दे गो, हिचा पोट लई दुखतंय." तुम्ही तिला आधी स्वच्छतेवर व्याख्यान द्यायचात, मग सोनं.

एकदा मी म्हटलं, "वन्सं, महाराजांचं नाक झिजलं की हो!"

"झिजू दे. महाराजांच्या नाकापेक्षा लेकराचं पोट मोठं."

मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता तेच वाक्य आठवतं आणि कोड्यात पडते. ज्या मोहरेवर वडिलांची अब्रू उभी, तिच्यावरचा महाराजांचा चेहरा कुणी असा हसत हसत घालवतं का? पण तेव्हा हे सुचलं नाही. माणूस समोर असतं तेव्हा काही सुचत नाही बघा.

मग गेल्या उन्हाळ्यात कल्याणला नानाकाकांच्या नातवाची मुंज झाली. पारनाक्याजवळ मांडव, दोनशे पान. तुम्ही आणि मी शेजारी जेवायला बसलो होतो. नानाकाका तुपाची वाटी घेऊन आग्रह करत फिरत होते. ते आपल्यापुढे थांबले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय मास्तरीणबाई, आणलीत का नाही पितळी मोहर? बटूला ओवाळायला बरी!" पंगत हसली. कुणी मनापासून हसलं नसेल, पंगत हसते तशी हसली. तुम्ही पानावरून उठलात. भरल्या पानावरून, वन्सं! हात धुतलेत, चपला घातल्यात आणि टांग्याकडे चालायला लागलात. मी जिलबी टाकून तुमच्यामागे.

घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "बाळला सांग, उद्या ठाण्याला जायचं. लावू दे कसोटी."

जांभळी नाक्याजवळचा तो सोनार म्हातारा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने मोहर उलटीपालटी केली, दगडावर एक रेघ ओढली, शेजारी आपल्याजवळच्या चोख सोन्याची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकला. तुम्ही बाकावर पाठ ताठ करून बसला होतात, परीक्षेच्या निकालाला बसावं तशा. रेघ जशीच्या तशी राहिली. म्हातारा म्हणाला, "बावनकशी आहे, बाई. शंभर नंबरी." तुमच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला नीट आठवत नाही, कारण मीच रडत होते. येताना तुम्ही पेढे घेतलेत. एक पुडा आपल्याला आणि एक कल्याणला पाठवायला! मी म्हटलं, "वन्सं, हा पुडा नव्हे, काकांना मारलेला दगड आहे." तर म्हणालात, "दगड नको म्हणूस. गोड आहे की."

तेवढ्यावर थांबायचं होतं. पण हे कचेरीतले, एका शिक्क्यावर ह्यांचं समाधान होत नाही. मोहर परत देताना सोनार पुटपुटला होता, "नाण्याचं सोनं सहसा इतकं चोख नसतं," ते ह्यांनी ऐकलं होतं. ठाण्यात तलावपाळीवर एक वकील राहतात, त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. ह्यांनी ठरवलं, मोहर त्यांना दाखवायची, म्हणजे नानाकाकांना बोलायला जागाच नको. तुम्ही मोहर काढून दिलीत आणि मला म्हणालात, "इंदू, तूही जा. हा अर्धं ऐकतो आणि अर्धं स्वतःच्या पदरचं घालतो."

म्हणून मी गेले. वकिलांकडे तीच मोहर होती, त्याच महोत्सवातली, कुठल्या सरदार घराण्याकडून आलेली. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मला भिंग दिलं. "बघा बाई. टांकसाळीत नाणं ठसा मारून पाडतात. ह्या माझ्या मोहरेवरची अक्षरं पाहा, कडा कशा धारेच्या आहेत. आता तुमची बघा." मी बघितलं. वन्सं, आपल्या मोहरेवरची अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी होती. मी लगेच म्हटलं, "बाळगुटीला घासतो आम्ही." ते हसले. "महाराजांचं नाक त्याने झिजलंय, खरं आहे. पण खोलगट जागी सहाण पोचत नाही, आणि तिथलीही अक्षरं मऊ आहेत. हे साच्यात ओतलेलं आहे. खऱ्या मोहरेवरून साचा घेऊन. आणि टांकसाळ नाण्यात थोडं तांबं घालते, नाहीतर नाणं टिकत नाही. सोनं तुमचं माझ्यापेक्षा चोख आहे, बाई. पण ही दरबारातली मोहर नव्हे."

मग कडेच्या एका उंचवट्यावर बोट ठेवून ते ह्यांना म्हणाले, "गंमत पाहा. मूळच्या मोहरेला कधीतरी कडी डाग देऊन जोडलेली असणार. कडी काढल्यावर जी खूण राहते ती ह्यात साच्यातूनच उतरली आहे." ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ह्यांचा चेहरा उतरला होता. माझंही लक्ष नव्हतं खरं म्हणजे. वकिलांच्या मोहरेला मात्र तशी काही खूण नव्हती, एवढं डोळ्यांत राहिलं.

घरी कसं सांगायचं ह्याची आम्ही वाटभर तालीम केली. तुम्ही चुलीपुढे तांदळाच्या भाकरी करत होतात. हे पाटावर बसले आणि म्हणाले, "ताई, सोनं खरं आहे. पण मोहर टांकसाळीची नाही म्हणतात. कुणीतरी ओतून घेतलेली."

तुम्ही भाकरी उलटलीत. म्हणालात, "हो का? बरं." आणि मग, "इंदू, पानं घे."

एवढंच! मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. रडाल, भांडाल, वकिलाला अडाणी म्हणाल, असं काय काय मनात धरून आले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी मोहर पुसलीत, हळदकुंकू वाहिलंत. मी दाराशी घुटमळले. तुम्ही वळून म्हणालात, "काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही." ते "काही नाही" मला अजून टोचतंय. तेव्हा मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत का? की मला आमटीत गूळ जास्त झालाय म्हणून विषय बदलला असतात? दुसरंच जास्त शक्य वाटतं.

मग तुमचा तो ताप. आधी सर्दी म्हणून तुम्ही काढा पीत राहिलात, मग छातीत उतरला. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली. गंगाजल आणलं, तुळशीचं पान आणलं. तोंडात सोन्याचा कण ठेवायचा म्हणून हे अंगठी काढायला लागले. वन्सं, तेव्हा माझ्या तोंडून तुम्हीच बोललात. मी म्हटलं, "अंगठीत तांबं आहे. मोहर आणा." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण आणली. कानशीने कडेचा कण काढायचा होता. मी मोहर उजेडात धरली, आणि कानस जिथे लावायची नेमक्या तिथेच तो उंचवटा आला. कडीची खूण. ह्यांचा हात थांबला. "इथे नको," मी म्हटलं, का ते मलाच माहीत नाही. दुसऱ्या बाजूचा कण काढला. तुम्ही तो घेतलात. डोळे मिटलेले होते तुमचे, पण घेतलात.

तुमच्या सासरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून दिवस ह्यांनीच केले. त्या दिवसांत देव बंद, स्वयंपाक साधा, आणि मला विचार करायला वेळच वेळ. कडीची खूण साच्यात उतरली, म्हणजे साचा ज्या मोहरेवरून घेतला तिला आधी कडी होती आणि मग काढली होती. आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या मोहरेला कडी होती, ती मामंजी गेल्यावर काढली, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत. म्हणजे खरी मोहर घरात होती! मी एकदम उठून बसले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कड्या काय, कुणाच्याही मोहरेला लावतात." म्हणजे झालं. माझा दिवा पेटतोय तोवर ह्यांनी फुंकर मारलीच.

पण मला राहवेना. समजा खरी होती. मग ती गेली कुठे, आणि ही केली कुणी? अडचणीपायी विकली म्हणावं, तर चोख सोनं ओतून दुसरी कशाला करायची? विकायचं तर तेच सोनं नसतं का विकलं? चोरीला गेली म्हणावं, तर साचा कशावरून घेतला? सोनं घालून सोनंच करून घ्यायचं, हा कसला व्यवहार? कांदे चिरताना, केरसुणी मारताना तेच. आणि मग एका दुपारी वेगळंच मनात आलं, आणि मी केरसुणी खाली ठेवली.

सासूबाई गेल्या तेव्हा जवळ तुम्ही एकट्याच होतात. आम्ही इथून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. त्या बरेच महिने अंथरुणाला खिळून होत्या, म्हणजे काय होणार ते तुम्हाला आधी कळत होतं, साचा घ्यायलाही वेळ होता. त्यांच्या तोंडात तुम्ही काय ठेवलंत, वन्सं? कण ठेवलात, की त्यांची मोहर त्यांना देऊन टाकलीत? आणि तुमच्या स्वतःच्या मंगळसूत्राच्या वाट्या, त्या तुम्ही कधी कुणाला दाखवल्या नाहीत. विशीच्या आत उतरवलेलं ते सोनं कुठे गेलं? देव्हाऱ्यात मोहरेची जागा रिकामी दिसू नये म्हणून ते ओतलंत का? आणि म्हणून "बरं" म्हणालात का? म्हणून बाळगुटीला तेच सोनं? कारण त्यात तांबं नाही हे तुम्हाला कसोटी न लावता माहीत होतं?

की हे सगळं माझंच? ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "अगं, आख्खी मोहर कुणी चितेवर ठेवतं का? ताई इतकी भाबडी होती का?" नव्हतात, तेही खरं. तुम्ही भाबड्या कधीच नव्हतात. मग मला वाटतं, सासूबाईंनीच करून घेतली असेल, आणि तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नसेल, आणि त्या दिवशी "बरं" म्हणताना तुमच्या आत काय मोडलं ते आम्हाला दिसलंच नसेल. हे मनात आलं की मला जेवण जात नाही. एक दिवस तुम्ही सगळं जाणून असता, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. माझ्या डोक्यात तुम्ही दोघी आहात आणि दोघी एकसारख्याच पूजा करताय.

काल तेराव्याला नानाकाका आले. मुंजीनंतर एकदम वाकलेत, काठी लागते. पंगतीत मी आमटी वाढत होते. त्यांच्या पानाशी आले तर त्यांनी घास घेतलाच नव्हता. पानाकडे बघत होते. आणि एकाएकी, कुणी काही विचारलेलं नसताना, मोठ्याने म्हणाले, "दादाला मोहर दरबारात मिळाली होती. मी होतो तिथे. मागच्या ओळीत उभा होतो. महाराजांनी हातात दिली आणि दादाचं उपरणं घसरलं. उपरणं धरू की मोहर धरू, त्याला सुचेना. मुजरा करायचा राहूनच गेला. महाराज हसले."

ह्यांचा घास हातात. मी आमटीचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "नानाकाका, मग इतकी वर्षं तुम्ही..."

"ती चिडायची ना," ते म्हणाले. "चिडली की थेट वहिनीसारखी दिसायची. आमच्या वहिनीसारखी." आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले.

मला काय वाटलं म्हणून सांगू? आधी वाटलं, ती तुपाची वाटी आणून ह्यांच्या डोक्यावर ओतावी. एका चिडण्यासाठी माणूस उपाशी पानावरून उठवायचं? मग वाटलं, पाय धरावेत. मी विचारलं, "खरी मोहर कुठे गेली मग, काका?" ते गोंधळून बघत राहिले. "खरी म्हणजे? मोहर एकच होती की." त्यांना काही माहीत नाही, वन्सं. किंवा माहीत आहे आणि सांगत नाहीत. किंवा दरबार, उपरणं, सगळंच त्यांनी तुमच्यासाठी तिथल्या तिथे रचलं, मेलेल्या माणसाला गोड बोलतात तसं. हे म्हणतात, काकांना इतकं रचता येत नाही. मला वाटतं, येतं. पण घसरलेलं उपरणं? ते कोण रचेल?

मला काही ठरवता येत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, परत सांगा. जरा मोठ्याने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या खोलीच्या दाराकडे हात केला. दार उघडं होतं, खाट उभी करून ठेवलेली. ते काठीवर जोर देऊन भरल्या पानावरून उठले, दोन पावलं पुढे गेले आणि दाराशी उभं राहून म्हणाले, "बनू, दादाला मोहर दरबारात मिळाली गं."

ऐकलंत ना, वन्सं?